टॅबवर बोलायला शिकणारा मुलगा, आणि घरचे

सिंहगड रोडची आई:
मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक, बोलत नाही. टॅबवर आयआयटी मुंबईचं 'जेलो' टाकलंय, चित्राचं बटण दाबलं की तो शब्द बोलणारं अ‍ॅप. फुकट आहे, मराठीतही आहे. पण हा नुसती बटणं दाबून आवाज ऐकत बसतो. सासूबाई म्हणतात, "यंत्राची सवय लागली की तोंड उघडणारच नाही." काय करू?

कोथरूडचा बाबा:
अशा साधनांमुळे बोलणं अडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, काहींचं तर वाढतं. आणि दाबतोय ना, दाबू दे की! तान्हं बाळही आधी बा-बा-बाच करतं. तुम्ही स्वतः टॅबवर बोला. पोहे वाढताना मी 'अजून' दाबायचो आणि चमचाभर वाढायचो. "आधी सांग, मगच देईन" हा छळ नको. चित्रांच्या जागा मात्र हलवू नका, बोटाला जागा पाठ होते.

हडपसरची मावशी:
'नको' लवकर शिकवा, आणि ते ऐका. भाचीने शेवग्याच्या शेंगेवर 'नको' दाबलं, ताईने ताटातून खरंच उचलली. तिथून गाडी सुटली.

सिंहगड रोडची आई:
चार्जिंग संपलं तर?

कोथरूडचा बाबा:
तीच चित्रं छापून लॅमिनेट करा. पीएमपी बसच्या गर्दीत तर कागदच बरा!