चाळिशीत दात सरळ: तारा की अलायनर?

चाळिशी उलटल्यावर दात सरळ होतात का आणि त्यासाठी अलायनरच (दातांवर बसणारे, काढता येणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे) घ्यावे लागतात का, असा प्रश्न पडतो. होतात की! दाताभोवतीचं हाड एका बाजूने झिजतं, दुसरीकडे भरतं, म्हणून दात सरकतो. हे वयाबरोबर थांबत नाही. हिरड्या मात्र निरोगी हव्यात. रक्त येत असेल तर आधी त्याचे उपचार.

अलायनरची खरी मेख म्हणजे ते दिवसाला 20 ते 22 तास तोंडात हवेत. जेवण, चहा, ब्रश एवढीच सुटी, आणि आपल्याकडे चहा दर दोन तासांनी! घालूनच प्यायलात तर डाग पडतात, गरम चहाने प्लॅस्टिक वाकतंही. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवले की ताटाबरोबर थेट कचऱ्यात. डबी जवळ बाळगा. शिवाय दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, ते जवळून दिसतात.

सुळा फार फिरलेला असेल तर मी तारांच्याच बाजूने. तार गालाला टोचली की तारेवर मेण लावायचं. चिक्की, ऊस बंद.

आणि रिटेनरचा, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा, खर्च पहिल्याच भेटीत विचारून घ्या. रिटेनर घालणं सोडलं की दात परत सरकू लागतात.