मोटरहोममधलं गरम पाणी रुसलं तर: अनुभव धागा

मोटरहोम असो की ओढून न्यायची कॅराव्हॅन, गरम पाणी बंद पडलं की पहिला संशय गीझरवर जातो. बऱ्याचदा गीझर धडधाकट असतो आणि दोष भलतीकडेच निघतो. ज्यांनी अशा दुरुस्त्या केल्या आहेत त्यांनी लक्षण, तपासणी आणि उपाय नेमकेपणाने लिहावेत, म्हणजे पुढच्याला उगाच नवा गीझर घ्यावा लागणार नाही.

सुरुवात करून देतो. आधी दुखणं ओळखा. पाणी अजिबात न तापणं, कोमट येणं, दोन मिनिटांत गरम पाणी संपणं आणि गरम तोटीला धारच नसणं, ही चार वेगळी दुखणी आहेत. गीझर अर्धा तास चालवा आणि टाकीच्या मागून निघणाऱ्या वरच्या नळीला बोट लावून लगेच काढा. टाकीतलं पाणी ५४ ते ६० अंश सेल्सियस असतं, चटका बसतो. नळी तापलेली आणि तोटीला मात्र कोमट, तर वाटेत कुठेतरी गार पाणी मिसळतंय. नळीच गार असेल तर गॅस किंवा वीज तपासायला घ्या.

*

कोमट पाण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

थंडीआधी टाकी रिकामी करून गीझर वगळण्यासाठी जो बायपास उघडतात, तो हंगाम सुरू होताना तसाच राहून जातो. तीन व्हॉल्व्हची रचना असेल तर टाकीत जाणारा गार पाण्याचा उघडा, टाकीतून येणारा गरम पाण्याचा उघडा आणि मधला बायपास बंद, असं हवं. दांडा नळीच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद.

दुसरा चोर म्हणजे बाहेरचा शॉवर. त्याच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पाणी फक्त फवाऱ्याच्या बटणाने बंद केलं, की गार आणि गरम नळ्या आतून जोडल्या जातात आणि गाडीतल्या प्रत्येक तोटीला कोमट पाणी येतं. आतल्या शॉवरचंही तसंच.

खात्री करायची तर गीझर बंद करा, टाकीत जाणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू ठेवून एक गरम तोटी उघडा. धार काही सेकंदांत थांबायला हवी. वाहतच राहिली तर गार पाणी दुसरीकडून शिरतंय. मग एकेक जोडणी बंद करत जा, ज्या ठिकाणी धार थांबेल तिथे दोष.

*

धार नसण्याबद्दल: गार तोटी जोरात आणि गरम तोटी करंगळीएवढी, असं असेल तर गरम पाण्याच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडून पाहा. आतली प्लास्टिकची झडप क्षारांनी अडकते. साफ करून ती फार दिवस टिकत नाही, बदलूनच टाका. आट्यांना टेफ्लॉन टेप लावा आणि पाना बेताने फिरवा, टाकीच्या आट्या गेल्या तर काम फार वाढतं.

*

गॅसवरच्या गीझरला कान द्या. स्विच दाबल्यावर गॅस व्हॉल्व्हचा ‘टक’, मग ठिणगीची टिकटिक, मग ज्योत धरल्याचा आवाज.

टक नाही, टिकटिकही नाही: वीज पोचत नाही किंवा जादा तापमानाचा सुरक्षा स्विच पडलेला.

दोन्ही आहेत, ज्योत नाही: गॅस येत नाही. नवीन सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा असते, आधी शेगडी पेटवून ती काढा. सिलिंडरची चावी हळू फिरवा. झटक्यात उघडली तर जादा प्रवाह रोखणारी झडप बसते आणि गॅस थेंबथेंब आल्यासारखा येतो. कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनचा सिलिंडर असेल तर दोष गीझरचा नाहीच, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो.

ज्योत धरते आणि काही सेकंदांत विझते: गीझर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ज्योत जाणवत नाही. ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रोडवरची काजळी बारीक पॉलिश कागदाने काढा, टोक आणि अर्थिंगची पट्टी यांत सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवा, अर्थिंगच्या तारेचा गंज खरवडा.

आणि बर्नरची नळी. कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं घर हवेची वाट अडवतं, ज्योत मागे फिरते आणि काही गीझरमधला तापमानाचा फ्यूज जळतो. नुसता फ्यूज बदलू नका, आधी नळी ब्रशने साफ करा. गॅस सोडणाऱ्या जेटच्या भोकात तार मात्र घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी हवी. आळशी पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर हवेची पट्टी थोडी उघडा.

तीन प्रयत्नांनंतर बहुतेक बोर्ड बंद पडतात. पुन्हापुन्हा स्विच दाबू नका, बंद करून पाच मिनिटं थांबा. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी, आणि गळती साबणाच्या पाण्याने शोधा.

*

गॅसवर चालवतानाही बोर्डाला १२ व्होल्ट लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बॅटरी १०.५ च्या खाली गेली की अनेक बोर्ड काम करत नाहीत. मोजमाप बॅटरीवर घेऊ नका, गीझरच्या टोकावर, तो पेटत असताना घ्या. बोर्डाच्या कडेचे संपर्क काळवंडले असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा, मऊ असल्यामुळे मुलामा जात नाही.

विजेची कॉइल: वीज पूर्ण तोडा, तारा काढा, मल्टीमीटर लावा. १२० व्होल्ट, १४४० वॅटच्या कॉइलला साधारण १० ओहम दाखवायला हवेत (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट). काहीच वाचन नाही म्हणजे कॉइल तुटली. टोक आणि टाकीच्या धातूत वाचन मिळालं तर आतून शॉर्ट आहे, चालवू नका.

रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटभरातच जळते. गरम तोटी खोकल्याशिवाय सलग वाहू लागल्यावरच स्विच दाबा, हे स्विचशेजारी लिहून चिकटवा.

२३ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास १.०७ युनिट लागतात, म्हणजे १४४० वॅटवर ४५ मिनिटं. पंधरा मिनिटांत गरम नाही म्हणून घाबरू नका.

*

तापताना सुरक्षा झडप टपकते? पाणी फुगतं आणि टाकीच्या माथ्यावरची हवेची गादी संपलेली असते. गीझर बंद, पाणी थंड होऊ द्या, पंप आणि बाहेरचा पुरवठा बंद, गरम तोटी उघडी, मग झडपेचा दांडा वर करून गळणं थांबेपर्यंत धरा. हवा आत गेली की दांडा सोडा. त्यानंतरही टपकली तर झडप बदला. तिला बूच मारणं म्हणजे जिवाशी खेळ.

*

गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर सल्फेटवर जगणारे जीवाणू आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) यांची जोडी जमलेली असते. टाकी थंड करा, दाब सोडा, २७ मिलिमीटरच्या सॉकेटने रॉड काढा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला, ॲल्युमिनियमचा घातला तर वास कमी होतो. तळाचा पांढरा गाळ नळीने धुवा. रॉड फक्त स्टीलच्या टाकीत असतो. ॲल्युमिनियमच्या टाकीला प्लास्टिकचं बूच असतं, तिथे रॉड घालू नका.

क्षारांसाठी व्हिनेगर आणि जंतूंसाठी क्लोरीन, पण दोन्ही कधीच एकत्र नाही, विषारी वायू होतो. मध्ये टाकी भरपूर धुवा.

*

बिनटाकीच्या गीझरसाठी एकच हिशोब. १२ किलोवॅट पाण्यात उतरत असतील तर मिनिटाला ५ लिटर पाणी सुमारे ३४ अंशांनी तापतं. येणारं पाणी ५ अंशांचं असेल तर ३९ मिळेल, त्याहून जास्त हवं तर धार कमी करा. फार कमी केली तर प्रवाह कळत नाही आणि ज्योत विझते.

ट्रुमा कंपनीच्या कॉम्बीत (हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा हीटर) थंडीनंतर टाकी भरतच नसेल तर फ्रॉस्टकंट्रोल झडप पाहा. ती ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडून पाणी सोडते आणि ७ अंशांवर गेल्याशिवाय बंद राहत नाही. गाडीच्या आतला हीटर आधी चालवा, झडपेभोवतीची जागा तापू द्या, मग बटण दाबा.