कातला ज्वालामुखीच्या अफवेमुळे हापूसचा सौदा आत्ताच करावा का? मदत हवी आहे

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि निवडक फळ आम्ही एका निर्यातदारामार्फत विमानाने लंडनला पाठवतो. गेल्या आठवड्यापासून बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर असा संदेश फिरत आहे, की आइसलँडमधील कातला ज्वालामुखी ऐन हंगामात फुटणार, युरोपची विमाने महिनाभर बंद राहणार आणि निर्यातीचा सगळा आंबा वाशीच्या बाजारात उतरून पेटीचा भाव पडणार. संदेशाखाली कोणत्याही संस्थेचे नाव नाही. तरीही व्यापारी तोच दाखवून आगाऊ सौदे मागत आहेत, आणि आमच्या वाडीतील दोघांनी धास्तीने कमी दरात माल देऊनही टाकला. त्यांचे वर्षभराचे कष्ट असे गेलेले पाहून फार वाईट वाटते.

अडचण अशी, की या भीतीला पूर्वीचा आधार आहे. १४ एप्रिल २०१० रोजी कातलाच्या शेजारच्या एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा हिमनदीखालून उद्रेक झाला, राखेतील काचेसारखे कण विमानाच्या इंजिनात वितळून चिकटतात म्हणून दुसऱ्या दिवसापासून सुमारे सहा दिवस युरोपचे बरेचसे आकाश बंद राहिले, आणि केनियातील फूलउत्पादकांना युरोपसाठी तोडलेले गुलाब फेकून द्यावे लागले. कातलाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मधील असल्याने ‘आता त्याची पाळी’ हे २०१० पासून ऐकू येते. परंतु २०११ मध्ये आइसलँडमधीलच ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीचा उद्रेक २०१० पेक्षा मोठा असूनही विमाने फार कमी रद्द झाली, कारण वाऱ्याची दिशा वेगळी होती आणि दरम्यान नियमही बदलले होते : राख दिसली की सरसकट बंदी, याऐवजी हवेतील तिचे प्रमाण पाहून निर्णय घेण्याची पद्धत आली. त्यामुळे ‘महिनाभर बंद’ हे मला पटत नाही.

आइसलँडचे हवामान खाते प्रत्येक ज्वालामुखीसाठी विमानवाहतुकीचा रंगसंकेत देते : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. कातलाचा संकेत पिवळा झाला, तर तोडणी थांबवण्याइतके ते गंभीर मानावे का, की भूकंपांच्या मालिकेनंतर तो पुन्हा हिरवा होणे नेहमीचे आहे? भूशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न विम्याचा, आणि माझ्यासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. मालवाहतुकीच्या नेहमीच्या विम्यातून केवळ विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. मग उष्णजल प्रक्रिया (फळमाशीच्या बंदोबस्तासाठी गरम पाण्यात बुडवणे) होऊन मुंबई विमानतळावर पोहोचलेला आंबा उड्डाण रद्द झाल्यामुळे तेथेच पिकून गेला, तर तो तोटा बागायतदाराचा, निर्यातदाराचा की खरेदीदाराचा? आमच्या करारात याबद्दल एक शब्दही नाही. करारात अशी अट कोणी घालून घेतली असेल, तर तिची शब्दरचना येथे द्यावी. पहिली तोडणी पंधरा दिवसांवर आली आहे आणि व्यापाऱ्याला मला रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे.