मदत हवी आहे: अळंबीची विषबाधा आणि वहिनीवर घेतला जाणारा संशय (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ

नमस्कार. लांबलचक होणार आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती. माहेरचं गाव मुद्दाम सांगत नाही, पन्हाळा तालुक्यात आहे एवढं पुरे. मी स्वतः लग्नानंतर कोल्हापुरात राहते.

बारा दिवसांपूर्वी, श्रावणी सोमवारी, माहेरी अळंबीचा रस्सा केला होता. आमच्या घरात श्रावणात मटण बंद असतं आणि नेमकी त्याच दिवसांत वारुळांवर अळंबी उगवते. सुकं खोबरं भाजून, कांदा-लसूण चटणी घालून अगदी मटणासारखा तांबडा रस्सा करतात. लहानपणापासून खात आलोय. दुपारी एकच्या सुमाराला पाचजण जेवायला बसले: आई, दादा, पुतण्या, आबा (माझे चुलते, वय ७१) आणि चुलती. घरात सोमवार फक्त वहिनी धरते. तिनं रांधलं, वाढलं आणि स्वतः शाबूची खिचडी खाल्ली.

तीन वाजायच्या आत पुतण्याला पहिली उलटी झाली. पाचपर्यंत पाचहीजण आडवे. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि १०८ बोलावून सगळ्यांना कोल्हापूरला पाठवलं. गाडीत चारजणांची डोकी धरून वहिनी बसली होती, आबांना पुढं घेतलं होतं. बुधवारपर्यंत चौघं बरे झाले. आबांना आधीपासून बीपी आणि शुगर. त्यांची लघवी कमी झाली, किडनीवर ताण आला, आणि ते अजून दवाखान्यातच आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आबांचं आणि दादाचं सव्वा एकराच्या वाटणीवरून दोन वर्षं चालू आहे. गावाला हे माहीत. त्यात दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, हवालदार येऊन सगळ्यांचे जबाब घेऊन गेले. दुसऱ्याच दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. "जिनं केलं तिनंच कसं खाल्लं न्हाई?" मग कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या त्या बाईची बातमी टाकली, जिनं सासरच्या माणसांना जेवायला बोलावून विषारी अळंबी घातली. तिथंही वाढणारी ठीक आणि जेवणारे आजारी, म्हणजे झालंच की सिद्ध. त्या बाईनं अळंबी वाळवायचं यंत्र कचराडेपोत नेऊन टाकलं होतं, आमच्या वहिनीनं रात्री पातेलं घासून ठेवलं, म्हणून "पुरावा नष्ट केला". ज्या घरात पाच माणसं ओकत होती त्या घरात पातेलं घासणार नाहीत तर काय करणार?

शुक्रवारी त्याच ग्रुपवर आबांच्या फोटोखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आलं. आबा त्या वेळी माझ्यासमोर चमच्यानं भाताची पेज घेत होते.

वहिनी दूध संस्थेत दूध घालायला जायची बंद झाली. मला म्हणाली, "मी दारापर्यंत गेलो गं, सगळी गप झाली, तशीच माघारी आलो. माझ्या हातानं वाढलंय, आता कुणाच्या तोंडाला लागू?" अकरा वर्षं झाली तिला आमच्या घरात येऊन. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना तिनं मला पाटावरून उठू दिलं नाही.

आणि जे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही ते इथं लिहिते. अळंबी वहिनीनं आणलेली नव्हती. आईनं आणली होती. थोडी नेहमीच्या वारुळावरची आणि थोडी येताना गायरानातल्या गवतातली, मोठी पांढरी. एकाच पाटीत. आईची नजर आता पहिल्यासारखी नाही. हे बाहेर सांगितलं तर वहिनी सुटेल, पण आई खचेल. आबा तिचे दीर, तिनं त्यांना लेकरासारखं वाढवलंय.

मला विचारायचंय: अळंबी नक्की कोणती होती हे आता कळू शकतं का? पुतण्यानं स्टेटसला ठेवायला पाटीचा फोटो काढला होता, तो सोबत जोडलाय. रस्सा ओतून दिला. आणि हे ग्रुपवरचं थांबवायला काय करता येईल?

मिरजेचा डॉक्टर

आधी आबांबद्दल. पहिले तीन-चार दिवस लिव्हरच्या तपासण्या रोज झाल्या का? कागद हातात असतील तर बघून सांगा. बाकी सगळं नंतर.

पंचगंगाकाठ

हो. रोज होत होत्या. लिव्हरचे सगळे नॉर्मल. किडनीचं क्रिएटिनिन मात्र ४.१ पर्यंत गेलं होतं, आज २.३ आहे. डायलिसिस एकदाच लागलं.

मिरजेचा डॉक्टर

मग जीव भांड्यात पडला माझा.

ताई, या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: एकला जेवले, तीनच्या आत उलटी. गावात हे कुणी विचारलं नसणार. जी अळंबी माणूस मारते, म्हणजे ॲमॅनिटा गटातली 'डेथ कॅप' आणि तिच्यासारखं विष असलेल्या इतर जाती, तिचा त्रास बहुधा ६ ते १२ तासांनी सुरू होतो, कधी त्याहून उशिरा. आधी उलट्या-जुलाब होतात, मग दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटायला लागतं. घरचे डिस्चार्ज मागतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिव्हर बसतं. ऑस्ट्रेलियात लिओंगाथा गावात हेच झालं. २९ जुलै २०२३ ला दुपारी जेवलेले पाहुणे रात्री उशिरा आजारी पडले, चारपैकी तिघं पुढच्या काही दिवसांत गेले.

दोन तासांत सुरू होऊन दीड-दोन दिवसांत थांबणारा त्रास बहुतेक वेळा पोटापुरता असतो. तो तरण्या माणसाला झोपवतो आणि आबांसारख्या माणसाला पाणी कमी पडून किडनीपर्यंत नेतो. पण लवकर उलटी झाली म्हणजे धोका नाही असं कुणीही समजू नका. एका पाटीत दोन-तीन जाती मिसळल्या असतील तर लवकरचा त्रास आणि उशिराचं विष दोन्ही पोटात असू शकतं. म्हणून मी लिव्हरचं विचारलं.

आजरेकरीण

वहिनीनं रस्सा करताना लसूण टाकून बघितला नव्हता का? आमच्यात लसूण काळा पडला की अळंबी टाकून देतात. चांदीचा रुपया पण टाकतात.

पंचगंगाकाठ

बघितला होता. लसूण पांढराच राहिला.

मिरजेचा डॉक्टर

राहणारच. लसूण, चांदी, हळद, तांदूळ, यातलं काहीही विष ओळखत नाही. किड्यानं खाल्लेली अळंबी चांगली, हेही खोटं. उकळून, वाळवून, तळूनही डेथ कॅपचं विष जात नाही, ते उष्णतेला दाद देत नाही. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये चहामळ्यांतल्या कुटुंबांतली डझनभराहून जास्त माणसं रानातली अळंबी खाऊन गेली. तीही रीतसर शिजवूनच खाल्ली होती.

दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या मोफत नंबरवर. वाचणाऱ्या सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा.

रानवाट

फोटो बघितला. फोटोवरून जात सांगणार नाही, तसं कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. पण पाटीत दोन प्रकार आहेत हे उघड दिसतंय. डावीकडची टोकदार टोपीची, लांब मुळासारखा देठ असलेली, ती वारुळावरची. वाळवी तिची शेती करते म्हणा ना, वारुळाच्या आतल्या बुरशीतूनच ती वर येते, म्हणून देठ खोलवर जातो. उजवीकडची मोठी, सपाट, टोपीवर तपकिरी खवले आणि देठाला कडं असलेली, ती मला क्लोरोफिलम वाटते. पावसाळ्यात गवतावर, गायरानात, बागेत सगळीकडे येते. कोवळी असताना खालचे पडदे पांढरेच असतात, त्यामुळं भलेभले फसतात. जून झाली की पडदे हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या. तुमच्या वेळेशी हे जुळतं.

खात्री करायची असेल तर गायरानातल्या त्याच जागी परत जा. ती तिथंच पुन्हा उगवते. हातमोजे घालून मुळासकट उपटा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदात गुंडाळा. एक टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाका. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली असेल तर शंका बरीच मिटते. मग तो कागद आणि बाकीची अळंबी घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा.

कोर्टकचेरी

पोलिसांचं आधी. विषबाधेचा कुठलाही रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. ते रोजचं काम आहे, त्यात कुणावर संशय असतो असं नाही. "पोलीस आले" यावरून गावानं जे घेतलंय ते चूक.

ग्रुपवरचं: एकही मेसेज पुसू नका, पुसायला लावूही नका. तारीख, वेळ, नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. खोटा आरोप करून अब्रू घालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, पण अदखलपात्र, म्हणजे पोलीस लगेच कुणाला उचलणार नाहीत, कोर्टात तक्रार करावी लागते. माझा अनुभव असा की त्याआधी वकिलाची एक साधी नोटीस श्रद्धांजली टाकणाऱ्याला आणि ग्रुपच्या ॲडमिनला गेली की पुष्कळ गोष्टी शांत होतात.

आणि अळंबी आईंनी आणली हे पोलिसांच्या जबाबात आलंय का? आलं नसेल तर दादा आणि आईंनी स्वतः जाऊन पुरवणी जबाब द्यावा. नंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर आलं तर लपवल्यासारखं दिसेल.

शाहूपुरी

कुणी रागावू नका, पण एक विचारतो. वाटणीचा वाद खरा आहे, वहिनी जेवली नाही हे खरं आहे. लोकांनी प्रश्न विचारला तर एवढं काय बिघडलं? ऑस्ट्रेलियातही आधी सगळे म्हणत होते बाई साधी आहे.

पंचगंगाकाठ

प्रश्न विचारला असता तर मला राग आला नसता. कुणी घरी येऊन "किती वाजता जेवलात, किती वाजता त्रास झाला, अळंबी कुठनं आणली" असं विचारलं असतं तर आम्ही चहा करून सगळं सांगितलं असतं. बारा दिवसांत एकानंही विचारलं नाही. ग्रुपवर जे आलं त्यात प्रश्न नव्हता, निकाल होता.

तिथल्या त्या बाईचा निकाल ७ जुलै २०२५ ला लागला. जेवणापासून जवळजवळ दोन वर्षांनी. उरलेल्या अन्नाची तपासणी, त्या यंत्रात सापडलेले अंश, फोनमधल्या नोंदी, वाचलेल्या माणसाची साक्ष, हे सगळं कोर्टापुढं आलं आणि मग ज्युरीनं ठरवलं. "ती आजारी पडली नाही" एवढ्यावर कुणी तिला आत टाकलं नाही. आणि माझी वहिनी दर सोमवारी जेवत नाही, लग्न झाल्यापासून. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण तिच्या उपवासाची खिचडी अर्ध्या गल्लीनं खाल्ली आहे.

शाहूपुरी

बरोबर आहे तुमचं. मी वेळेचा विचारच केला नव्हता. आबांना लवकर बरं वाटू दे.

आजरेकरीण

ताई, आईचं बघा पण. माझ्या सासूबाईंनी एकदा चुकून शेतातलं औषध रॉकेलच्या बाटलीत ओतून ठेवलेलं. कुणाला काही झालं नाही, तरी त्या वर्षभर नीट जेवल्या नाहीत.

पंचगंगाकाठ

सहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहायला जमत नाही.

आबा घरी आले. क्रिएटिनिन १.६. डॉक्टरांनी आठवड्यानं परत तपासायला सांगितलंय.

दादा आणि पुतण्या गायरानात गेले. त्याच जागी चार उगवल्या होत्या. रात्री एक टोपी पुतण्याच्या चित्रकलेच्या वहीच्या कागदावर पालथी ठेवली, सकाळी कागदावर शेवाळ्यासारखं हिरवं वर्तुळ. विद्यापीठात एका प्राध्यापकांनी ती बघून क्लोरोफिलमच असल्याचं सांगितलं. त्यांनी आईला पण एक गोष्ट शिकवली: देठ मुळापर्यंत उकरून बघायचा, वारुळाशी जोडलेला नसेल तर पाटीत घ्यायचाच नाही. आईनं दोनदा विचारून घेतलं.

पुरवणी जबाबाला जायचं म्हटल्यावर मी तिला कसं समजवायचं याचीच तयारी करत होते. त्याची गरज लागली नाही. दादानं विषय काढायच्या आत ती म्हणाली, "मी कवाच जाणार हुतो, तुम्हीच मला पोलिसात न्हेला न्हाई म्हणून ऱ्हायलं." म्हणजे इतके दिवस आम्ही तिला जपतोय असं आम्हाला वाटत होतं, आणि ती आमच्या तोंडाकडं बघत थांबली होती. जबाब झाला. श्रद्धांजलीवाल्याला नोटीस काढायची होती, पण आबांनी त्याला स्वतः फोन लावला. काय बोलले ते सांगत नाहीत. तो मेसेज गेला. बाकीचे तसेच आहेत, स्क्रीनशॉट ठेवलेत.

काल सकाळी आई वहिनीबरोबर दूध संस्थेत गेली. किटली वहिनीच्या हातात, कागद आईच्या. तिथं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना तिनं तो हिरवा कागद दाखवला आणि म्हणाली, "ही मी आणलेली. मला ओळखली न्हाई. तुमच्यापण गायरानात हाय, पोरांना सांगा." दोघींनी माप घातलं, फॅट बघितली, आणि घरी आल्या.

एकच विचारायचं राहिलं, रानवाट यांना: गायरानातली ती जागा खणून काढली तर परत उगवायची थांबेल का? तिथं गावातली लहान मुलं खेळतात.