प्रतिसाद: दहावीतली उत्क्रांती आणि आपला सिंहस्थ

वरती कोणीतरी म्हटलंय की दहावीतून उत्क्रांती काढली तर काय बिघडलं, बारावीला आहे की. अहो पण बारावीला बायोलॉजी घेतात किती जण? कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयला जाणाऱ्या पोरांचं सायन्स दहावीलाच संपतं, आणि एनसीईआरटीने (केंद्राची शाळेची पुस्तकं काढणारी संस्था) २०२३ च्या पुस्तकात धड्यातली उत्क्रांती वगळून नुसती आनुवंशिकता ठेवली, कारण काय तर म्हणे अभ्यासाचा बोजा.

आता दुसरं टोक, धर्माचं नावच वर्गात नको वाले. तेही मला पटत नाही. नाशकात २०२७ च्या सिंहस्थाची, म्हणजे तिथल्या कुंभमेळ्याची, एवढी धामधूम, तर गुरू ग्रह सिंह राशीत येतो म्हणून सिंहस्थ आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी पुरती १२ नाही तर ११.८६ वर्षांची, हा फरक साचत जातो म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ लाच आला, हे सायन्सच्या तासाला सांगा की! कोणाच्या भावना दुखावत नाहीत (दुखावल्याच तर गुरूला सांगा). स्नानाने पाप धुतलं जातं का हा विषय घरी. तसंही पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ आहेच.

आणि जिथे सिंहस्थाचं स्नान होतं त्या रामकुंडाचं पाणी लॅबमध्ये तपासायला लावणारी शाळा कुठे असेल तर कळवा, पुतणीची ॲडमिशन घ्यायचीय.