शहरातला घट: धार्मिकता मोजायची कशी?

मांजराकाठ: लातूर शहरात भाड्याने राहणाऱ्या 30 कुटुंबांच्या नवरात्रावर एम.ए.चा लघुप्रबंध करतोय. 'तुम्ही किती धार्मिक?' याला 1 ते 5 गुण ठेवलेत, तर सगळेच 5 सांगतात. गाव सुटल्यावर काय बदललं, हे कळणार कसं?

बालाघाट: तो प्रश्न काढूनच टाका. परक्या माणसासमोर देवाला कमी गुण कोण देईल? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने 1912 साली पवित्राची व्याख्या देवापासून सुरू केलीच नाही; जे वेगळं राखलं जातं, ज्याला शिवायची बंदी असते, ते पवित्र. म्हणून नेम विचारा: अनवाणी राहणं, गादीवर न झोपणं. काय टिकलं, काय सुटलं, कधीपासून?

आणि माती विचारा, हे फार महत्त्वाचं. पत्रावळीवरची काळी माती गावच्या शेतातून पिशवीत आली, विकत घेतली, की कुंडीतली? मातीचा घट पाझरतो, त्या ओलीवर धान उगवतं. तांब्याचा कलश पाझरत नाही; मग वरून पाणी घालतात, ते जास्त झालं की बी कुजतं, बुरशी धरते. त्याला कुणी अपशकुन म्हणतं, कुणी 'पाणी जास्त झालं' एवढंच. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने 1917 च्या व्याख्यानात जगावरची जादू ओसरण्याबद्दल, म्हणजे दैवी खुणांऐवजी साधी कारणं बघण्याबद्दल सांगितलं, ती किती ओसरली ते इथे दिसेल. वाक्य जसंच्या तसं टिपा.

गोदातीर: नुसतं 'पवित्र' धरलंत तर निम्मं निसटेल. सुतकात घट बसत नाही. विटाळही वेगळाच राखलेला असतो. 'सोवळं-ओवळं', 'चालतं का' असे शब्द वापरा. कर्त्या पुरुषाला विचारून थांबू नका. 'आमच्यात सगळं पाळतात' असं तो सांगतो, पाळणारी घरात असते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं बाईनेच विचारावं, एकटीला, परवानगी घेऊन. नाव कुठेही नको.

मांजराकाठ: आणि मोबाइलवरचं दर्शन?

बालाघाट: 2020 चं नवरात्र विचारा. कोरोनामुळे बंद असलेली मंदिरं 16 नोव्हेंबरला उघडली, तोवर दसरा होऊन तीन आठवडे झाले होते. तुळजापूरचं दर्शन स्क्रीनवर झालं असेल, पण ओटी? घरच्या घटापुढे भरली, कुणाहाती पाठवली, की राखून ठेवली? जे फोनमधून जाऊ शकलं नाही, त्याची घरागणिक यादी करा.

भेटी तीन ठेवा: घट बसताना, पाचव्या माळेला, दसऱ्याला. शेवटची चुकवू नका. घट उठल्यावर धान टोपीत खोवलं जातं ते सगळे बघतात. माती कुठे नेऊन टाकतात, ते तुम्ही बघा.