घरी बांधलेल्या विमानाचे इंजिन पहिल्यांदा सुरू करायचे आहे, सल्ला हवा

धागाकर्ता: नमस्कार. दिंडोरीजवळ आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधून होत आले आहे. ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन बसवले आहे, पण अजून एकदाही सुरू केलेले नाही. आधी काय तपासावे आणि पंपावरचे साधे पेट्रोल चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: पेट्रोलपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते आणि आपल्याकडे पंपावर आता २० टक्क्यांचे मिश्रण मिळते. त्यामुळे टाकी भरण्यापूर्वी इंधनाची सोय लावा, विशेषतः टाकी फायबरची असेल तर. मग विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून कार्बोरेटरपाशी नळी सोडवा आणि दर मिनिटाला किती पेट्रोल येते ते मोजा. पंपाने पुरवठा होत असेल तर इंजिनाच्या कमाल खपाच्या सव्वापट, आणि नुसत्या उतारावर होत असेल तर दीडपट प्रवाह मिळायला हवा.

तेलाच्या बाबतीत घाई नको. इग्निशन (ठिणगी देणारी यंत्रणा; या इंजिनाला दोन असतात) बंद ठेवून, प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढून, काट्यावर तेलाचा दाब दिसेपर्यंत प्रोपेलर हाताने फिरवा, तोही चालण्याच्याच दिशेने. उलटा फिरवल्यास तेलाच्या मार्गात हवा शिरते.

प्रतिसाद २: वरील मुद्द्यांत एक भर घालतो. इंजिन सुरू कसे होईल याचा सगळे विचार करतात, बंद कसे होईल याचा कोणी करत नाही. या इंजिनात स्विच बंद केला की इग्निशनची तार इंजिनाच्या धातूशी जोडली जाते (अर्थिंग) आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली तर स्विच बंद असूनही ठिणगी चालू राहते. आमच्या पहिल्या चाचणीत नेमके हेच झाले, आणि पेट्रोलचा कॉक बंद केल्यावरही कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन फिरतच राहिले. शेपूट खुंटाला दोराने बांधलेली होती आणि चाकांना लाकडी ठोकळे होते, म्हणून निभावले.

धागाकर्ता: दोन्ही इग्निशनच्या तारा आजच तपासतो. सुरू झाल्यावर किती वेळ चालवावे?

प्रतिसाद १: १० सेकंदांत तेलाचा दाब चढला नाही तर तत्काळ बंद करा. चढला तर इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांवर दोन मिनिटे, मग तेल ५० अंशांवर येईपर्यंत २५०० वर ठेवा. त्यानंतर ४००० फेऱ्यांवर एकेक इग्निशन बंद करून पाहा. घट ३०० फेऱ्यांहून अधिक नसावी आणि दोहोंतला फरक ११५ हून अधिक नसावा. पूर्ण थ्रॉटल पहिल्या दिवशी नकोच. नंतर कधी दिलेत आणि फेऱ्या अपेक्षेपेक्षा थोड्या कमी भरल्या, तर लगेच प्रोपेलरचा कोन बदलू नका; नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेत इंजिनाची शक्ती थोडी घटते, त्याचाही हिशेब धरा.

प्रोपेलरखालची जमीन मात्र झाडून घ्या. द्राक्षबागेतला खडा पात्याला लागला की खाच पडते. आणि अग्निशामक हाती घेतलेला माणूस बाजूला उभा राहील, प्रोपेलरच्या रेषेत नाही, हे आधी ठरवून ठेवा.